चंद्रकुंडाचा शेवट

पिंपळखेडे, ता. एदलाबाद
५ फेब्रुवारी १९९६

ती. पुष्पाअक्का,
प्रमिलाचा नमस्कार. तुमचं संक्रांतीचं पत्र पोचलं. आईंना नेहमीप्रमाणे दोनदा वाचून दाखवलं. धुळ्याची थंडी कमी झाली का, असं त्या विचारतात. इकडे केळीच्या बागांत पहाटे अजून हात गारठतात.

येत्या रविवारी 'चंद्रकुंड'चा शेवटचा भाग आहे. गावात दुसरा विषय नाही. रतिलालभाऊंनी परवा अँटेना आणखी उंच बांधून घेतली. त्यांच्या ओसरीवर रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसते, पण मला पुढची जागा राखून ठेवतात. राजा उदयसेन मणी आणायला कुंडात उतरला आणि वरचं पाणी दगड झालं, तेव्हापासून राणी सुवर्णा पायरीवर दिवा लावून बसली आहे. दोन वर्षं झाली बघता बघता. बायका मला हसत हसत 'राणी' म्हणतात. "राणी आली, सरका गं," असं शेजारची बेबाबाई दर रविवारी म्हणते. आधी राग यायचा. आता येत नाही.

तुमचे भाऊ केळीच्या गाडीबरोबर दिल्लीला गेले त्याला गेल्या पोळ्याला अकरा वर्षं झाली. लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. अक्का, तुम्ही हसाल, पण आईंनी मुक्ताबाईच्या देवळात जाऊन बोलून ठेवलं आहे, की राजा कुंडातून वर आला तर माझा लीलाधरही येईल. मी त्यांना म्हटलं, ती गोष्ट आहे, कुणीतरी मुंबईला बसून लिहिलेली. त्या म्हणाल्या, "लिवणाऱ्याच्या हाताले बी कोणी तरी धरतंच ना?"  खरं सांगते, मीही मनातून तेच धरून बसले आहे.

धुळ्यात लोक काय म्हणतात शेवटाबद्दल? पितांबरभाऊंच्या कचेरीत पेपर येतात, त्यात काही छापलं असेल तर लगेच कळवा.

तुमची,
प्रमिला


गल्ली नं. ५, धुळे
८ फेब्रुवारी १९९६

प्रमिला, तुला आणि आईला पुष्पाकडून खूप आठवण.

पत्र वाचून हसू आलं. इथेही तेच वेड आहे. आग्रा रोडवरच्या टीव्हीच्या दुकानाबाहेर पोरं शेवटावर पैजा लावतात. शेजारच्या भिकुबाईने तर कालच सांगून टाकलं, "राजा मरेल नही शे, तो येईच." ह्यांच्या कचेरीत दुपारचे डबे त्याच गोष्टीवर संपतात.

पण आई, हे तुझ्यासाठी लिहिते. प्रमिला, नीट मोठ्याने वाच. मालिका ती मालिका. त्यात राजा आला काय, न आला काय, आपल्या घरात काही बदलत नाही. देवाला असल्या अटी घालू नयेत. औषध वेळेवर घे. प्रमिलासारखी सून मिळाली आहे, तिच्याकडे बघून दिवस काढ.

रविवारी पाहुणे येणार आहेत. मला तो भाग बघायला मिळतो की नाही कुणास ठाऊक.

पुष्पा


पिंपळखेडे
१२ फेब्रुवारी १९९६

ती. अक्का,
तुम्ही बघितलात का? बघितला नसेल तर मीच सांगते.

राणीने शेवटचा मंत्र म्हटला आणि कुंडाचं पाणी आटायला लागलं. ओसरीवर पन्नास-साठ माणसं, सगळी टीव्हीकडे सरकली. पाणी आटलं, पायऱ्या दिसल्या. सगळ्यात खाली राजा उभा होता, हात वर केलेला. रतिलालभाऊंच्या आईंनी टाळी वाजवली. राणी धावत खाली गेली. तिने त्याच्या हाताला हात लावला, आणि अक्का, तो वाळूचा होता. बोटं लागली तशी वाळू गळत गेली. तो पहिल्याच दिवशी मेला होता. राणीने ती वाळू ओंजळीत घेतली, आणि नावं यायला लागली.

कुणी उठेना. मग बेबाबाई मोठ्याने रडायला लागली, दारात मयत असल्यासारखी. तिच्यामागे सगळ्या. पोरांनी टीव्हीच्या दिशेने चपला फेकल्या. रतिलालभाऊ ओरडत होते, "अरे, टीव्हीचा काय गुन्हा?" म्हाताऱ्या माणसांनी घरी जाऊन अंघोळी केल्या, खोटं नाही सांगत. आई मात्र रडल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. घरी येताना वाटेत माझा हात धरला होता, तो सोडून दिला.

आज सकाळी रतिलालभाऊंच्या मुलीच्या लग्नाची हळद दळायला पाच सवाष्णी बोलावल्या. माझं नाव आधी त्यांत होतं, त्यांच्या घरच्या बायका परवाच सांगून गेल्या होत्या. मी लुगडं बदलून गेले. दारात बेबाबाई म्हणाली, "तू कशाले आली माय? राहू दे तू." एवढंच. तिचा आवाज मायेचा होता, तेच जास्त लागलं.

मी परत आले. आईंना सांगितलं नाही.

प्रमिला


धुळे
१७ फेब्रुवारी १९९६

प्रमिला,
तुझं पत्र मिळालं. अगं वेडे, एवढं काय मनाला लावून घेतेस! इथेही गोंधळ चालला आहे. कॉलेजची मुलं रस्त्यावर टेबल टाकून बसली आहेत आणि दूरदर्शनला पाठवायला पोस्टकार्डं गोळा करताहेत, 'राजाला परत आणा' म्हणून. माझ्या मुलीनेही दोन लिहिली. भिकुबाई म्हणते, "बठ्ठं खोटं शे, पुढला भाग त्यास्नी दाबी टाका." चार दिवसांत सगळे विसरतील आणि दुसरी मालिका सुरू होईल.

बेबाबाई लहानपणापासूनच तशी. तिच्याकडे लक्ष देऊ नको. तुझ्यासाठी हिरवी साडी घेतली आहे, कुणी येणारं मिळालं की पाठवते. गावातल्या बायकांनीही पोस्टकार्डं लिहा, मन मोकळं होईल.

आई, तू बरी आहेस ना?

पुष्पा


पिंपळखेडे
२२ फेब्रुवारी १९९६

अक्का,
हे पत्र मी आईंना न सांगता लिहिते आहे.

आईंनी ठरवलं आहे. काल एदलाबादहून गुरुजींना बोलावून आणलं. गुरुजी म्हणाले, बारा वर्षं झाल्याशिवाय हरवलेल्याची क्रिया करत नाहीत. आई म्हणाल्या, "अकरा झाले. माह्या जीव अजून एक वर्स टिकंन का? तो तठी वाळू होऊन उभा हाये, अन् मी त्याले पाणी बी देत नाही." शेवटी गुरुजी तयार झाले. फाल्गुनी अमावास्येला, १९ मार्चला, चांगदेवच्या संगमावर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. चुलत दीर निंबाभाऊ अग्नी देतील. आणि त्याच दिवशी माझ्या बांगड्या.

गावातल्या लोकांना हे बरोबर वाटतं. मालिका संपेपर्यंत हीच माणसं म्हणायची, येईल, नक्की येईल. आता बायका दुपारी येऊन माझ्याजवळ बसतात, डब्यातून भाजी आणतात, गालावरून हात फिरवतात. मी अजून कुंकू लावते, तर नजर चुकवतात.

अक्का, तुम्ही त्यांची मुलगी. तुमचं ऐकतील. या आणि थांबवा. मी नवऱ्यासाठी रडले नाही असं नाही, पण ते मेले असं कुणी बघितलेलं नाही. कुठेतरी ते ताटावर बसलेले असतील आणि इकडे आम्ही त्यांना जाळू. माझ्याच्याने हे होणार नाही.

एकच विचारते, खरं सांगा. अकरा वर्षांत तुमच्यापर्यंत काही आलं का? एखादं पत्र, कुणाच्या तोंडचा निरोप? त्यांचा तुमच्यावर सगळ्यांत जास्त जीव होता.

प्रमिला


पिंपळखेडे
४ मार्च १९९६

अक्का,
तुमचं उत्तर नाही. रोज पोस्टमनची वाट बघते. पत्र चुकलं असेल म्हणून पुन्हा लिहिते.

उद्या होळी. पळसाची पानं निंबाभाऊंनी आणून ठेवली आहेत, मागच्या पडवीत पोत्याखाली. मला तिथूनच सरपण आणायला जावं लागतं.

मी आता भांडत नाही. परवा आई म्हणाल्या, "तू हो म्हण, म्हंजे माह्या जीव मोकळा होईन." मी हो म्हटलं. थकले होते. त्या दिवसापासून अन्न गिळत नाही. घास तोंडात घेते आणि तो वाळूसारखा लागतो. पाणी शेंदायला विहिरीवर गेले की रिकामी घागर धरून खाली बघत उभी राहते. मग कुणीतरी हाक मारतं.

तुम्ही १८ तारखेपर्यंत आलात तरी चालेल. एवढंच.

प्रमिला


धुळे
८ मार्च १९९६

प्रमिला,
हे पत्र झुलालभाऊंच्या हाती देते आहे. ते एस.टी.त कंडक्टर आहेत, आमच्याच गल्लीतले. तुझ्याच हातात देतील. एकटीने वाच. आईला वाचून दाखवू नकोस.

विहिरीचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. तू असं काही करायचं नाहीस. तुला माझी शपथ आहे. पण माझ्या शपथेला काय किंमत, ते आता तुला कळेल.

लीलाधर जिवंत आहे.

पाच वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, तो इथे आला होता. दारात उभा राहिला तर मी ओळखलं नाही. सुरतेला उधना भागात एका डाईंग मिलमध्ये कामाला आहे. दिल्लीहून परत येताना एका सोबत्याबरोबर तिकडे उतरला आणि राहिला. तिथेच दुसरं घर केलं. तेव्हा एक मुलगी झाली होती. गावी का नाही गेलास, असं मी विचारलं. म्हणाला, "आधी महिनाभर राहावं म्हटलं. मग लाज वाटली. मग इतका उशीर झाला, की काय तोंड दाखवू?" त्याने मला माझ्या मुलांची शपथ घातली. मी घेतली.

शपथ हे एक निमित्त. खरं तेही लिहिते, नाहीतर पत्राला अर्थ नाही. मी विचार केला, की प्रमिलाला कळलं तर ती माहेरी भडगावला निघून जाईल. आईला कोण बघेल? ह्यांनी लग्नातच सांगितलं होतं, की तुझ्या आईची जबाबदारी माझ्यावर नको. म्हणून मी तुला तिथे बसू दिलं. प्रत्येक पत्रात आईला 'प्रमिलाकडे बघून दिवस काढ' म्हणत राहिले. मालिका संपली तेव्हा तुला हसले. तुझ्या बांगड्यांचं वाचलं तेव्हा दहा-बारा दिवस पत्र हातात घेऊन बसले.

त्याचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. पुढे काय करायचं ते तू ठरव. माझ्या आईला तिच्या जिवंत मुलाला जाळू देऊ नकोस.

पुष्पा


पिंपळखेडे
१४ मार्च १९९६

अक्का,
मी सुरतेला जाऊन आले.

आईंना भडगावला भावाकडे जाते असं सांगितलं आणि भुसावळहून गाडी धरली. उधन्याला दोन तास पत्ता विचारत फिरले. चाळीतली खोली. दार एका बाईने उघडलं. माझ्याच वयाची, अंगाने बारीक, हातात कणीक. मी म्हटलं, लीलाधर पाटील इथेच राहतात का? ते आतून बनियनवर बाहेर आले. केस पांढरे झालेत. मला बघितलं आणि भिंतीला हात लावला.

त्या बाईने विचारलं, "या कोण?"

ते म्हणाले, "गावाकडच्या आहेत. नात्यातल्या."

 तिने मला चटईवर बसवलं, चहा केला. नंतर स्टेशनच्या वाटेवर कळलं, की आपली पहिली बायको वारली असं त्यांनी तिला सांगितलं आहे. अक्का, तिच्या घरात मी आधीच मेलेली होते, आणि तिने दिलेला चहा मी प्यायले. चहा चांगला होता.

सहा वर्षांची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "तुमच्या गावात पण चंद्रकुंड लागायचं?" तिची आई हसून म्हणाली, "ती गोष्ट संपल्यापासून हिने दूध सोडलंय. राजा मेला म्हणून." मुलगी मला विचारते, "तो खरंच मेला का हो?"

मी म्हटलं, "नाही. तो दुसऱ्या वाटेने वर निघाला. तो वाळूचा दुसराच कुणी होता."

"मग त्याने राणीला का नाही सांगितलं? ती तर तिथेच बसली होती."

तुमच्या भावाने मान खाली घातली. मी म्हटलं, "ते त्याला विचार."

स्टेशनपर्यंत सोडायला आले. वाटेत म्हणाले, "प्रमिला, मी गुन्हेगार आहे. काय पाहिजे ते बोल." मी म्हटलं, "अमावास्येला तुमचा पुतळा जाळणार आहेत. येऊन आईला तोंड दाखवा." ते म्हणाले, "जाळू दे. माझ्यासाठी तेच बरं आहे. हिला कळलं तर ही मुलांना घेऊन जाईल." गाडी आली. खिडकीतून केळी दिली त्यांनी, आपल्याकडचीच होती. मी घेतली नाहीत.

आता पाच दिवस उरले. आईंना मी अजून सांगितलेलं नाही. माझ्या तोंडून हे निघत नाही. तुम्ही पाच वर्षं पोटात ठेवलंत, तुम्हीच येऊन सांगा. पहिल्या बसने निघालात तर संध्याकाळी पोचाल.

प्रमिला


धुळे
१६ मार्च १९९६

प्रमिला,
झुलालभाऊ निघायच्या घाईत आहेत, दोन ओळी लिहिते. मला ताप आहे. ताप नसता तरी आले असते की नाही, माहीत नाही. आईच्या समोर उभी राहण्याची हिंमत नाही माझ्यात. तूच सांग. तुझ्या हातापाया पडते.

पुष्पा


भडगाव
२६ मार्च १९९६

पुष्पाअक्का,
पत्त्यावरून समजलं असेल, मी भावाकडे आहे. तुम्हाला सगळं कळायला हवं म्हणून लिहिते. यानंतर लिहीन की नाही, सांगता येत नाही.

मी १८ तारखेला सकाळी सांगितलं. आई पुतळ्याच्या पानांवर पाणी शिंपडत होत्या, दुसऱ्या दिवशी ती वाकावीत म्हणून. मी त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि म्हटलं, "आई, हे करू नका. ते जिवंत आहेत. मी बघून आले."

त्यांना आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. मग म्हणाल्या, "जिता हाये?"

"हो."

"तू पाह्यला? तुह्या डोळ्यांनी?"

"हो आई. सुरतेला आहेत. दुसरं लग्न केलं आहे. मुलगी सहा वर्षांची, आणि धाकटा मुलगा आहे."

मला वाटलं होतं, त्या खाली बसतील. मी त्यांना धरायला पुढे झाले होते. अक्का, त्या हसल्या. अकरा वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. पानं उचलून उकिरड्यावर टाकली आणि अनवाणी गल्लीत पळाल्या. "माह्या लीलाधर जिता हाये! मले नातू हाये!" घरोघरी गूळ वाटला. रतिलालभाऊंच्या ओसरीवर जाऊन सांगितलं, की टीव्हीवाले खोटे निघाले, मुक्ताबाई खरी निघाली. बायका पुन्हा रडल्या, या वेळी आनंदाने. बेबाबाईने मला मिठी मारली. म्हणाली, "पाह्य, तुहं कुंकू वाचलं. नशीबवान हायेस." तिने स्वतःच्या हाताने माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

ते दुसरं लग्न कुणाच्या कानापर्यंत गेलंच नाही. गेलं असेल तरी कुणी मनावर घेतलं नाही.

संध्याकाळी निंबाभाऊ सुरतेला निघाले, त्यांना आणायला. आई म्हणाल्या, सगळ्यांनाच घेऊन ये, तिलाही. मग मला म्हणाल्या, "आतली खोली सारवून ठेव. पोरं तठी झोपतीन. तू माह्याजवळ झोप, तुले काय, एकटीले कुठी बी जागा पुरते."

वाईट हेतूने नाही बोलल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तिथे माझ्यासाठी राग नव्हता, दया नव्हती. त्यांना मी दिसतच नव्हते. अकरा वर्षं त्यांचे पाय मीच चेपले, औषधं मीच दिली, तुमची पत्रं मीच वाचली. तुम्ही मला तिथे त्यांच्यासाठी बसवून ठेवलंत असं लिहिलं होतंत. ते वाचून मला राग आला होता. आज तो राग कमी झाला आहे, कारण निदान तुम्हाला मी तिथे आहे हे ठाऊक होतं.

मी दोन दिवस थांबले. खोली सारवली. भिंतींना पांढरी माती दिली. पंधरा दिवस पुरेल इतकं पीठ दळून आणलं, औषधाच्या बाटल्यांवर खुणा केल्या, कारण त्यांना वाचता येत नाही. सकाळची लाल झाकणाची, रात्रीची पांढऱ्या. हे आता तुम्ही लक्षात ठेवा. निंबाभाऊ एकटेच परत आले तर आईंजवळ कुणी असायला हवं. तुमच्या भावाचं मन मी ऐकून आले आहे. निंबाभाऊ एकटेच येतील, असं मला वाटतं. पितांबरभाऊंना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण या वेळी ताप आला तरी जा.

भावाने मला ठेवून घेतलं. वहिनीने काही विचारलं नाही, पण किती दिवस, असं तिच्या डोळ्यांत आहे. इथल्या बालवाडीत मदतनीस हवी आहे म्हणतात, उद्या विचारायला जाणार आहे. रात्री अजून घास उतरत नाही. विहिरीचं मनात येतं, मग मी उठून दिवा लावते आणि भावाच्या मुलांच्या वह्यांना कव्हरं घालत बसते.

निघाले त्या दिवशी आई अंगणात गोधडीला ऊन दाखवत होत्या. माझ्या हातात पिशवी बघून त्यांना वाटलं, मी बाजाराला चालले आहे. म्हणाल्या, "येताना सहा वर्साच्या पोरीच्या मापाचं परकराचं कापड आणजो. लाल आणजो."

मी म्हटलं, "हो, आई." त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी नेहमीसारखा आशीर्वाद दिला, अखंड सौभाग्यवती भव, आणि गोधडी उलटवायला वळल्या.

प्रमिला